अर्ध्या हक्कावर न थांबलेला लोकप्रतिनिधी : सॅम्युअल जॅकमन प्रेस्कोड

बार्बाडोस हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा क्रिकेटमुळे. सर गारफिल्ड सोबर्स यांची ही जन्मभूमी. १९६२ साली भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते मृत्यूच्या दारातून परत आले, ती घटना याच बेटावर घडली. आणि २०२४ साली भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला तोही या बेटाची राजधानी असलेल्या ब्रिजटाउनच्या मैदानावर. १९९८ साली या देशाने आपल्या इतिहासातील दहा व्यक्तींना राष्ट्रवीर म्हणून गौरविले. त्या दहांमध्ये सोबर्स आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तलेला एक पत्रकार व कायदेमंडळाचा सभासदही आहे. त्यांचे नाव सॅम्युअल जॅकमन प्रेस्कोड. बार्बाडोसच्या वीस डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. सोबर्स यांची कीर्ती जगभर पोचली. प्रेस्कोड यांचे नाव मात्र कॅरिबियन समुद्राबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा बहुधा बंड, युद्ध किंवा हौतात्म्य डोळ्यांपुढे येते. प्रेस्कोड यांच्या आयुष्यात यांपैकी काहीही नाही. त्यांच्या हाती होते एक लहानसे वृत्तपत्र आणि कायदेमंडळातील एक जागा. ज्या सभागृहात बहुसंख्या कायम विरोधकांची असते, तेथे वर्षानुवर्षे बसून एकटा माणूस काय साधू शकतो, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या मध्यभागी आहे. त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्नही तेथे आहे. समाजाच्या एका थराला थोडे हक्क मिळाले की त्या थराने खालच्या थराकडे पाठ फिरवायची, की त्याच्यासाठी पुन्हा झगडायला उभे राहायचे? प्रेस्कोड यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणातून दिले.

साखरेचे बेट

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या रांगेतील सर्वांत पूर्वेकडचे बेट. क्षेत्रफळ अवघे ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईएवढे. १६२७ साली इंग्रजांनी तेथे वसाहत केली आणि १६३९ सालीच त्या वसाहतवाल्यांनी स्वतःचे कायदेमंडळ उभारले. इंग्रजी साम्राज्यातील अत्यंत जुन्या कायदेमंडळांत त्याची गणना होते. परंतु कायदेमंडळ आहे म्हणजे लोकशाही आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ते सभागृह जमीनदार गोऱ्यांचे होते आणि त्यांच्याच हितासाठी चालत होते.

१६४० नंतर बेटावर उसाची लागवड सुरू झाली आणि पाहता पाहता सारी जमीन साखरेच्या मळ्यांखाली गेली. मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली जाऊ लागली. १६६१ साली याच कायदेमंडळाने गुलामांविषयीची संहिता मंजूर केली. माणसाला मालमत्ता ठरविणारा, मालकाच्या शिक्षेला जवळजवळ मर्यादा न घालणारा तो कायदा इतर इंग्रजी वसाहतींनीही पुढे नमुना म्हणून घेतला. बार्बाडोसमधील गुलामगिरी अशा रीतीने रूढीवर किंवा निव्वळ बळावर टिकलेली नव्हती. ती रीतसर मतदानाने, कलमांनिशी, सभागृहात मंजूर झालेली होती. प्रेस्कोड यांनी पुढे आपली लढाई त्याच सभागृहात का नेली, हे समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

बेट अकरा विभागांत वाटलेले होते. त्यांना तेथे पॅरिश म्हणतात. प्रत्येक पॅरिशमधून दोन, असे बावीस सभासद निवडून येत. मतदार तेच ज्यांच्यापाशी ठरावीक मालमत्ता आहे, आणि १७२१ च्या कायद्याने मतदान, अधिकारपद व पंचमंडळातील जागा या तिन्ही गोष्टी केवळ गोऱ्या पुरुषांसाठी राखून ठेवल्या होत्या.

दोन जगांच्या मधोमध

या समाजात गोरे मालक आणि काळे गुलाम यांच्या मधोमध एक तिसरा वर्ग होता. गोरे पुरुष आणि गुलाम स्त्रिया यांच्या संबंधांतून जन्मलेली व पुढे दास्यातून मोकळी झालेली माणसे, त्यांची मुलेबाळे, तसेच स्वतःची किंमत मोजून सुटलेले काही काळे लोक या वर्गात येत. गुलामगिरी संपली त्या वेळी त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास होती. गुलाम होते त्र्याऐंशी हजारांच्या घरात. हे मुक्त मिश्रवर्णीय लोक दुकाने चालवीत, सुतारकाम, शिवणकाम, व्यापार करीत. काहींनी चांगली संपत्तीही मिळविली. परंतु त्यांना मत नव्हते, पद नव्हते, आणि दीर्घकाळ गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देण्याचाही हक्क नव्हता.

हा साक्षीचा हक्क त्यांना मिळाला १८१७ साली, आणि तो कसा मिळाला हे उद्बोधक आहे. १८१६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी रात्री, बेटावरील गुलामांनी मोठे बंड केले. बुसा या आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामाचे नाव त्या बंडाशी कायमचे जोडले गेले आहे. उसाचे फड पेटले, परंतु काही दिवसांतच सैन्याने बंड चिरडले आणि शेकडो गुलाम प्राणांस मुकले. त्या प्रसंगी मिश्रवर्णीय वर्ग मालकांच्या बाजूने राहिला. त्या निष्ठेचे बक्षीस म्हणून पुढल्या वर्षी साक्षीचा हक्क देण्यात आला. गुलामांच्या रक्ताच्या मोबदल्यात मधल्या वर्गाला एक पायरी वर घेण्यात आले. सत्ताधारी वर्ग आपली तटबंदी अशीच बांधतो. भिंतीबाहेरच्यांतील काहींना तो भिंतीवर पहारा करायला उभे करतो.

याच मधल्या वर्गात १८०६ साली सॅम्युअल जॅकमन प्रेस्कोड यांचा जन्म झाला. आई लिडिया स्मिथ ही मुक्त मिश्रवर्णीय स्त्री. वडील विल्यम प्रेस्कोड हे धनाढ्य गोरे मळेवाले. बापाचे नाव मिळाले, परंतु बापाच्या जगाचे दार बंदच राहिले. बंडाच्या वेळी हा मुलगा दहा वर्षांचा होता.

१८२९ साली, तेवीस वर्षांच्या वयात, प्रेस्कोड कायदेमंडळाचे कामकाज ऐकण्यासाठी गेले. मिश्रवर्णीयांना हक्क द्यावेत की नाहीत, याच विषयावर त्या वेळी चर्चा होती. त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा त्यांनीच ती चर्चा ऐकू नये, अशी ती व्यवस्था होती. चौदा वर्षांनी हाच तरुण त्याच सभागृहात सभासद म्हणून बसणार होता.

१८३१ चा कायदा आणि त्यातील मेख

१८३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये गुलामगिरी रद्द करण्याची मागणी वाढत चालली होती. बार्बाडोसच्या मळेवाल्यांना वाऱ्याची दिशा कळत होती. गुलाम मोकळे झाले तर मिश्रवर्णीय वर्ग आपल्या बाजूला असला पाहिजे, हा हिशेब करून १८३१ साली कायदेमंडळाने त्या वर्गाला मताचा व पदाचा हक्क देणारा कायदा केला. वरवर पाहता हा मोठाच विजय होता. परंतु त्यात मेख होती. या नव्या मतदारांसाठी मालमत्तेची अट गोऱ्या मतदारांपेक्षा कितीतरी जास्त ठेवण्यात आली. परिणामी हक्क सर्वांना मिळाला, तरी तो वापरता आला फक्त मूठभर श्रीमंतांना.

मिश्रवर्णीय वर्गातील सुखवस्तू मंडळींनी या कायद्यावर समाधान मानले. सरकारदरबारी आपली पत वाढली, आता उतावीळपणा नको, असा त्यांचा सूर होता. प्रेस्कोड यांना ते पटले नाही. संपत्तीच्या मापाने तोलून दिलेला हक्क हा त्यांच्या मते हक्कच नव्हता. आणि त्याहून पुढचे एक पाऊल त्यांनी टाकले. आपल्या वर्गाची गाऱ्हाणी मांडण्यावर न थांबता मळ्यावर राबणाऱ्या काळ्या माणसाचा प्रश्न त्यांनी आपला प्रश्न मानला. त्यांच्या वर्गातील अनेकांना हे रुचले नाही. ज्या लोकांपासून दूर सरकण्यात आपली प्रतिष्ठा आहे असे वाटत होते, त्यांच्याच शेजारी जाऊन उभा राहणारा माणूस आपल्या माणसांनाच गैरसोयीचा वाटतो. प्रेस्कोड यांना ही गैरसोय आयुष्यभर सोसावी लागली.

वृत्तपत्राचे शस्त्र

ब्रिटिश संसदेने १८३३ साली केलेला गुलामगिरी रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. मालकांना नुकसानभरपाई म्हणून सर्व वसाहती मिळून दोन कोटी पौंड मंजूर झाले. पिढ्यानपिढ्या राबलेल्या गुलामांना एक पैसाही नाही. इतकेच नव्हे, तर सहा वर्षांवरील प्रत्येक मुक्त गुलामाला काही वर्षे उमेदवार या नावाखाली त्याच मालकाकडे आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत बिनपगारी राबण्याची सक्ती करण्यात आली. नाव बदलले, काम तेच राहिले. या पद्धतीवर चहूकडून टीका झाली आणि ठरलेल्या मुदतीपूर्वीच, १ ऑगस्ट १८३८ रोजी, ती संपुष्टात आली.

याच काळात प्रेस्कोड पत्रकारितेत उतरले. १८३६ च्या सुमारास न्यू टाइम्स हे मिश्रवर्णीयांसाठीचे वृत्तपत्र निघाले व त्याचे संपादकपद त्यांच्याकडे आले. ते काही महिनेच टिकले. त्यानंतर ते लिबरल या पत्राकडे वळले. ते पत्र आर्थिक अडचणीत सापडले तेव्हा थॉमस हॅरिस यांच्या साहाय्याने त्यांनी ते विकत घेतले आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे चालविले. त्या पत्रात मळ्यावरच्या मजुराची मजुरी, त्याचे राहते घर, न्यायदंडाधिकाऱ्यांचा पक्षपात, मताधिकाराची अन्यायकारक अट असे विषय येत. गरीब गोऱ्यांची दुःखेही त्यात मांडली जात, ही बाब आवर्जून सांगितली पाहिजे. प्रेस्कोड यांचा लढा माणसाच्या कातडीच्या रंगाविरुद्ध नव्हता. एका वर्गाच्या मक्तेदारीविरुद्ध होता.

अशा पत्राचे महत्त्व त्या काळच्या राज्यव्यवस्थेतून लक्षात येते. बेटाच्या कायदेमंडळाने केलेला कायदा मान्यतेसाठी लंडनला जात असे आणि तेथील सरकार तो नामंजूर करू शकत असे. मळेवाल्यांचे म्हणणे लंडनपर्यंत पोचविण्यासाठी त्यांचे हस्तक तेथे होतेच. मजुराचे म्हणणे पोचवायला कोण होते? प्रेस्कोड यांच्या पत्राने आणि इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी मंडळींशी असलेल्या त्यांच्या संबंधांनी ते काम केले.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १८४० साली त्यांच्या लिखाणाबद्दल बदनामीचा फौजदारी खटला भरण्यात आला, शिक्षा झाली आणि आठ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन येथे जगभरातील गुलामगिरीविरोधकांची मोठी परिषद भरली. बेंजामिन हेडन या चित्रकाराने त्या परिषदेचे भव्य चित्र रंगविले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत असलेल्या त्या चित्रात प्रेस्कोड यांचाही चेहरा आहे. गुलामगिरी संपविण्यासाठी भरलेल्या त्या परिषदेत अमेरिकेतून आलेल्या स्त्री प्रतिनिधींना मात्र सहभागाचा अधिकार नाकारण्यात आला. स्वातंत्र्याच्या सभेलाही आपली बंद दारे असतात, हे त्या प्रसंगाने जगाला दिसले.

साखळी गेली, करार आला

१८३८ नंतर मजूर मोकळा झाला, पण तो जाणार कोठे? जमैका किंवा ब्रिटिश गियाना यांसारख्या प्रदेशांत पडीक जमीन होती. तेथे मुक्त झालेल्या लोकांनी स्वतःची गावे वसविली. बार्बाडोसमध्ये जवळजवळ प्रत्येक एकर मळ्याच्या मालकीचा. मजुराची झोपडी मालकाच्या जमिनीवर, भाजीपाल्याचा तुकडाही मालकाचाच. या अगतिकतेचा उपयोग करून घेणारा कायदा कायदेमंडळाने लगेच केला. त्याचा पहिला मसुदा लंडनने नामंजूर केला, तेव्हा १८४० साली त्याला नवे रूप देण्यात आले. मजुराने एखाद्या मळ्यावर सलग पाच दिवस काम केले की त्याने वर्षाचा करार केला असे मानले जाई. झोपडीत राहायचे तर त्याच मळ्यावर, बाहेरच्यापेक्षा कमी मजुरीवर राबायचे. काम सोडले तर घर सोडायचे. उभे पीकही तेथेच राहायचे. शिस्तभंगाला तुरुंग होता आणि निवाडा करणारे न्यायदंडाधिकारी बहुधा मळेवाल्यांच्याच वर्तुळातले असत.

आपल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. राहण्याची जागा ज्याच्या हाती, त्याच्याच हाती माणसाचे श्रमही जातात, हा अनुभव अनेक देशांतील भूमिहीनांचा आहे.

येथे आपल्या देशाशी या कथेचा एक धागाही जुळतो. मजूर मळे सोडून जाऊ लागल्याने ब्रिटिश गियानाच्या मळेवाल्यांनी १८३८ पासून आणि त्रिनिदादच्या मळेवाल्यांनी १८४५ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले. बार्बाडोसला तसे करण्याची गरज भासली नाही, कारण तेथील मजुराला बेटावर पळून जायला जागाच नव्हती. तो बेट सोडून अधिक मजुरीच्या वसाहतींत जाऊ लागला, तेव्हा कायदेमंडळाने स्थलांतरावरही बंधने घातली. मोकळ्या माणसाला कोठेही जाऊन श्रम विकता आले पाहिजेत, एवढी साधी गोष्टसुद्धा त्या सभागृहाला मान्य नव्हती.

सभागृहाच्या आत

लेखणीने लढता लढता प्रेस्कोड यांची एक खात्री झाली होती. गुलामगिरी कायद्याने आली, १८३१ चा अर्धा हक्क कायद्याने आला, मजुराला मळ्याशी जखडणारा करारही कायद्यानेच आला. तेव्हा जेथे कायदा घडतो तेथे गेले पाहिजे. १८४३ साली ब्रिजटाउन शहराला स्वतंत्र मतदारसंघाचा दर्जा मिळाला व त्याला दोन जागा देण्यात आल्या. या शहरात मिश्रवर्णीय व्यापारी, दुकानदार व कारागीर यांची वस्ती मोठी होती आणि त्यांतील काहींपाशी मत होते. ६ जून १८४३ रोजी झालेल्या निवडणुकीत हेन्री शार्प यांच्यासमवेत सॅम्युअल जॅकमन प्रेस्कोड निवडून आले. कायदेमंडळाच्या स्थापनेनंतर दोनशे चार वर्षांनी, आफ्रिकी रक्ताचा माणूस प्रथमच तेथे सभासद म्हणून बसला.

आता सभागृहात चोवीस जागा झाल्या होत्या. त्यांत मळेवाल्यांचे बहुमत अढळ होते. प्रेस्कोड यांनी लहान जमीनदार, शहरातील व्यापारी व मिश्रवर्णीय सभासद यांना एकत्र आणून एक उदारमतवादी गट उभा केला. पक्ष म्हणावा इतका तो बांधीव नव्हता. पण सत्तेला विरोध करणारे एक पीठ सभागृहात प्रथमच तयार झाले. मताधिकाराचा विस्तार, मजुराला बांधणाऱ्या कायद्यांना विरोध, निःपक्ष न्यायदान हे त्यांचे विषय. त्यांपैकी बहुतेक वेळा निकाल आधीच ठरलेला असे. तरीही प्रत्येक प्रश्नावर उभे राहून बोलणे, आणि सभागृहात जे झाले ते वृत्तपत्रातून लोकांपुढे ठेवणे, असा दुहेरी क्रम त्यांनी चालविला. सभागृहाचे दार ज्याच्यासाठी एकदा बंद झाले होते, त्याने ते दार बाहेरच्या सर्वांसाठी किलकिले केले.

बार्बाडोसमध्ये त्या काळी कायदेमंडळाची निवडणूक दरवर्षी होत असे. आजचा लोकप्रतिनिधी पाच वर्षांनी मतदारांपुढे जातो. प्रेस्कोड यांना दरसाल जावे लागे. निवडून येऊन मळेवाल्यांशी हातमिळवणी करणे सोपे होते, आणि अनेक वर्षे निष्फळ विरोध करून थकून जाणे त्याहून सोपे होते. दीड दशकाहून अधिक काळ त्यांनी यांपैकी काहीही केले नाही.

हा काळही खडतर होता. १८४६ साली ब्रिटिश संसदेने साखरेवरील जकातीचे संरक्षण टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे ठरविले. क्यूबा व ब्राझील येथे अद्याप गुलामांकडून पिकविली जाणारी साखर इंग्लंडच्या बाजारात स्पर्धेला आली. मळेवाल्यांनी तोट्याचा भार मजुरीवर ढकलला. पुढे १८५४ साली बेटावर पटकीची भयंकर साथ आली. १८५१ च्या जनगणनेत सुमारे एक लाख छत्तीस हजार वस्ती असलेल्या या बेटावर वीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक हाल अर्थातच गलिच्छ वस्त्यांतील गरिबांचे झाले. प्रेस्कोड ज्या शहराचे प्रतिनिधी होते त्या ब्रिजटाउनला नळाचे पाणी मिळायला १८६१ साल उजाडावे लागले. ज्यांना मत नाही त्यांच्या पाण्याचा प्रश्नही रेंगाळतो, हा धडा तेथील इतिहासात स्पष्ट वाचता येतो.

अखेर आणि वारसा

१८६० च्या सुमारास प्रेस्कोड कायदेमंडळातून निवृत्त झाले व साहाय्यक अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एकेकाळी ज्या न्यायव्यवस्थेने त्यांना तुरुंगात धाडले, तिच्याच आसनावर ते आता बसले. अखेरपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. २६ सप्टेंबर १८७१ रोजी त्यांचे निधन झाले आणि ब्रिजटाउनच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात आपला गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. जोतीरावांनी समुद्रापलीकडच्या त्या लढ्यात आपल्या लढ्याचे नाते ओळखले होते. प्रेस्कोड यांचे चरित्र मराठीत वाचताना तेच नाते आपल्याला पुन्हा जाणवते.

हिशेब मांडायचा तर प्रेस्कोड यांच्या हयातीत त्यांच्या मागण्यांपैकी फार थोड्या पदरात पडल्या. मजुराला बांधणारा कायदा पुढेही टिकून राहिला. १९३७ च्या मोठ्या उठावाच्या वर्षीच तो गेला. मताधिकार मूठभरांपुरताच राहिला. केवळ जय-पराजयाच्या मापाने पाहणारा त्यांना अपयशी ठरवील.

परंतु दुसरा एक हिशेब आहे. त्यांच्या लिबरल पत्रात विल्यम कॉनरॅड रीव्ह्ज नावाचा एक तरुण बातमीदार म्हणून काम करी. त्याची आई गुलाम होती. या तरुणाने प्रेस्कोड यांच्या सहवासात लेखन व राजकारण शिकले, पुढे इंग्लंडला जाऊन कायद्याचे शिक्षण घेतले, कायदेमंडळात प्रवेश केला, आणि १८८४ साली मताधिकाराची अट शिथिल करणाऱ्या कायद्यामागे त्याचाच पुढाकार होता. १८८६ साली तो बार्बाडोसचा मुख्य न्यायाधीश झाला. प्रेस्कोड यांनी सभागृहात हरलेला डाव त्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेल्या माणसाने काही अंशी जिंकला.

पुढची वाटचाल संथ पण अखंड आहे. १९४४ च्या निवडणुकीत मालमत्तेची अट आणखी खाली आली व स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. १९५१ साली प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. प्रेस्कोड निवडून आले त्याला तेव्हा एकशे आठ वर्षे लोटली होती. ३० नोव्हेंबर १९६६ रोजी बार्बाडोस स्वतंत्र झाले आणि २०२१ साली त्याच तारखेला ब्रिटनच्या राणीचे प्रमुखपद संपवून ते प्रजासत्ताक बनले. दरवर्षी २८ एप्रिलला तेथे राष्ट्रवीर दिन पाळला जातो. त्या दिवशी बंड करणारा बुसा आणि सभागृहात लढणारे प्रेस्कोड यांचे स्मरण एकत्र होते. प्रेस्कोड दहा वर्षांचे असताना त्यांच्या वर्गाने बुसाच्या लोकांविरुद्ध मालकांची बाजू घेतली होती. आज दोघांची नावे एका यादीत आहेत, ती प्रेस्कोड यांनी मोठेपणी कोणाची बाजू घेतली त्यामुळे. ब्रिजटाउनमधील तंत्रशिक्षणाच्या संस्थेलाही त्यांचे नाव दिले गेले. कारागीर व कष्टकऱ्यांच्या मुलांनी हुन्नर शिकण्याच्या जागेला याहून समर्पक नाव सापडले नसते.

या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी वसतिगृहात राहून शिकलेले, किंवा आपल्या मुलांना तेथे धाडणारे आहेत. शिक्षणाने आपल्यापैकी अनेकांना एक पायरी वर आणले आहे. पायरीवर उभे राहिल्यावर माणसाला दोन दिशा दिसतात. वर पाहिले तर आणखी थोडी जागा मिळण्याची आशा असते. खाली पाहिले तर आपल्यामागून येणाऱ्यांची रांग असते. १८३१ साली बार्बाडोसच्या शिकल्यासवरल्या मिश्रवर्णीयांपुढे हाच प्रसंग होता. बहुतेकांनी वर पाहिले, आणि त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. प्रेस्कोड यांनी खाली पाहिले, पेन उचलले, तुरुंग पाहिला, निवडणुका लढविल्या आणि हरणाऱ्या बाजूचे मत वर्षामागून वर्षे नोंदवीत राहिले. आपल्या मुलामुलींनी ग्रामसभेत, नगरपरिषदेत, विधानसभेत किंवा एखाद्या कचेरीतील समितीत जाऊन बसावे असे आपल्याला वाटते. तेथे ती एकटी पडतील तेव्हा त्यांना सांगण्यासारखे हे एक चरित्र आहे.